टिअरड्रॉप ट्रेलर: आधी पाणी अडवा, मग हौस करा

[पडद्यावर: कॅलिफोर्नियातला डोंगररस्ता. मोटारीमागे पाठीला गोल असलेला छोटा ट्रेलर.]

टिअरड्रॉप म्हणजे थेंबाच्या आकाराचा, आत फक्त झोपायचा छोटा ट्रेलर. त्याचं माप प्लायवूडच्या तक्त्याने ठरवलंय. तक्ता मिळतो चार बाय आठ फुटांचा. एका तक्त्यात बाजूची भिंत निघते, एकात तळ. 1930 च्या दशकात अमेरिकेत हौशी लोक घरच्या गॅरेजात असे ट्रेलर बांधू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेला ॲल्युमिनियमचा पत्रा स्वस्तात मिळू लागला आणि हे काम आणखी फोफावलं. आज पाच फूट रुंदीचे टिअरड्रॉपही मिळतात, पण आतली मांडणी फारशी बदललेली नाही. आत फक्त गादी, उभं राहायला जागा नाही. मागची डिकी वर उचलली की स्वयंपाकाचा ओटा.

रिकाम्या ट्रेलरचं वजन साधारण 400 ते 700 किलो असतं. लहान मोटार एवढं ओढू शकते, पण ओढायला परवानगी आहे का हे मोटारीच्या पुस्तिकेत आधी बघा. काही गाड्यांना ती शून्य किलोचीही असते.

ट्रेलर दारात आला की मालकाची यादी सुरू होते: रंगीत दिवे, छतावर सामानाची जाळी, सोलर, बाजूला चांदवा. ही यादी थोडी थांबवा. टिअरड्रॉपमध्ये बसवलेली प्रत्येक वस्तू काहीतरी मागून घेते. कधी पत्र्यात भोक, कधी वजनाचा तोल, कधी बॅटरीतले अँपिअर.

[पडद्यावर: छताच्या कडेची ॲल्युमिनियम पट्टी, अगदी जवळून. पट्टीखाली काळपट ओल.]

जुन्या टिअरड्रॉपचा शेवट बहुतेक वेळा पाण्यानेच होतो. छताचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. उन्हात तो प्रसरतो, रात्री आकसतो. तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर आठ फुटी पत्र्याची लांबी दीड मिलिमीटरहून जास्त बदलते. खालचं प्लायवूड त्या मानाने जागेवरच असतं. ही ओढाताण रोज त्या कडेच्या पट्टीखाली चालू असते, म्हणून तिथलं सीलंट कायम मऊ राहणारं हवं.

इथेच बहुतेक जण हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणतात आणि पट्टीवरून बोट फिरवून मोकळे होतात. सिलिकॉन रबरासारखं घट्ट होतं, कडेने सुटतं आणि मागे एक पातळ थर ठेवून जातं. त्या थरावर दुसरं काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. या कामाला ब्यूटाइल टेप लागते. पाऊण इंच रुंद, तीन मिलिमीटर जाड, चिकट आणि कधीच पूर्ण न वाळणारी.

पट्टी पुन्हा बसवायची तर स्क्रू काढा, पट्टी उचला, जुनं सीलंट प्लास्टिकच्या पत्रीने खरवडा. लोखंडी पत्रीने ॲल्युमिनियमवर चरे पडतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून जागा पूर्ण कोरडी होऊ द्या. टेप पट्टीच्या मागे लावा, ताणू नका. स्क्रू मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळत जा. टेप कडेने किंचित बाहेर डोकावली की थांबा. दुसऱ्या दिवशी उन्हात पट्टी तापल्यावर तेच स्क्रू पुन्हा अर्धा वळसा घेतील. बाहेर आलेली टेप त्यानंतरच कापा. एका दिवसात सगळं आवळून टाकलं तर टेप पिळून बाहेर येते आणि स्क्रूभोवती काहीच उरत नाही.

भोकांचंही तसंच. पाणी प्लायवूडच्या सपाट पृष्ठातून सहसा शिरत नाही, ते कापलेल्या कडेतून शिरतं, कारण तिथे लाकडाचे तंतू उघडे असतात. छतावर किंवा भिंतीवर पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे अशी एक उघडी कड. म्हणून स्क्रूच्या जाडीपेक्षा मोठं, साधारण 10 मिलिमीटरचं भोक पाडा, ते एपॉक्सीने भरा, वाळू द्या आणि त्या एपॉक्सीच्या मधोमध स्क्रूपुरतं बारीक भोक घ्या. आता स्क्रूभोवतीचं सीलंट उद्या सुटलं तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. काम कंटाळवाणं आहे. टाळलं तर दोन पावसाळ्यांनी आतल्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतो, आणि तेव्हा भिंतीचा तुकडा कापून काढावा लागतो.

[पडद्यावर: डिकी बंद होते. कडेत अडकवलेला कागदाचा कपटा एक हात ओढून बघतो.]

सगळ्यात नाजूक जागा डिकीची. ती गोलाईत वाकवलेल्या पातळ प्लायवूडची असते आणि वाकवलेलं प्लायवूड पुन्हा सरळ व्हायला बघतं. काही महिन्यांनी खालचे दोन्ही कोपरे किंचित उचलले जातात. डोळ्याला दिसत नाही, कागदाला कळतं. कागदाचा लांब कपटा बीडिंगवर, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीवर, ठेवून डिकी बंद करा आणि कपटा ओढा. अडखळत आला तर ठीक. सहज सरकला तर तिथे बीडिंग टेकलेलीच नाही. दर सहा इंचांवर असं तपासत जा. मधोमध एकच कडी असेल तर ती काढून दोन्ही कोपऱ्यांजवळ एकेक कडी लावा. कोपरे उचलण्यावर याहून स्वस्त इलाज नाही.

बीडिंग आतून पोकळ असलेली घ्या आणि एकसंध लावा. जोड द्यावाच लागला तर खालच्या बाजूला द्या, वर कधीच नाही. बीडिंगच्या बाहेरून दोन्ही बाजूंना पन्हळ असते आणि तिची खालची तोंडं उघडीच राहिली पाहिजेत. गळती थांबवायच्या भरात ती सीलंटने बुजवली जातात, मग पन्हळ भरते आणि पाणी आतल्या बाजूने ओट्यावर उतरतं.

सगळं झाल्यावर बागेतला पाइप घ्या. प्रेशर वॉशर नको, तो चांगलं सीलंटही उखडतो. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने खालून सुरुवात करून हळूहळू वर पाणी मारत जायचं, प्रत्येक जोडावर दोन-तीन मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्याच जोडांवरून वाहतं आणि गळतंय कुठून ते कळत नाही.

[पडद्यावर: ट्रेलरचा पुढचा दांडा, त्याखाली लाकडी ठोकळा आणि न्हाणीघरातला वजनकाटा.]

वजनाचं गणित एवढं चोखंदळ नाही, पण चुकलं तर धोका मोठा. पुढचा दांडा मोटारीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर जेवढा भार टाकतो, तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा. कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. 600 किलोच्या ट्रेलरला हा भार 60 ते 90 किलो होतो, म्हणजे घरातल्या वजनकाट्यावरही मोजता येतो. सपाट जमीन, चाकांना पाचर, काट्यावर लाकडी ठोकळा. दांडा त्यावर टेकला तेव्हा गोळ्यावर असतो तेवढ्याच उंचीला, ट्रेलर समतल. सामान आणि पाणी भरल्यावरच मोजा.

ओटा ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मागे असतो आणि नवीन सामान जातं नेमकं तिथेच. समजा दांड्याच्या टोकापासून ॲक्सल 270 सेंटिमीटरवर आहे आणि ओट्याचं कपाट ॲक्सलच्या मागे 120 वर. कपाटात 20 किलोची भांडी भरली की दांड्यावरचा भार जवळपास 9 किलोने घटतो. आता दांड्यावरच्या पेटीतली 28 किलोची लेड बॅटरी काढून 12 किलोची लिथियम बसवली, तर आणखी 12-13 किलो गेले. दोन्ही बदल चांगलेच, पण एकत्र केले की काल शांत धावणारा ट्रेलर आज हायवेवर डुलू लागतो. पाच गॅलनचा, म्हणजे 19 लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन पुढे दांड्यावरच्या पेटीजवळ ठेवला की बरंचसं भरून निघतं.

ट्रेलर मागे असताना कॅलिफोर्नियात वेगमर्यादा ताशी 55 मैल आहे. बाकी राज्यांत जास्त असली तरी ट्रेलरच्या टायरवर लिहिलेली मर्यादा पाळायची. गोल पाठीमुळे पेट्रोल खूप वाचतं असा एक गोड समज आहे. खरा फायदा आहे तो ट्रेलर मोटारीच्या आडोशाला राहतो याचा. त्यावर दोन सायकली चढवल्या की तोही गेला.

[पडद्यावर: उघडी विजेची पेटी. फ्यूज, जाड तांबड्या-काळ्या वायरी.]

वीज. यात मत द्यायचं तर एकच: आधी वहीत जमाखर्च मांडा, नंतर बॅटरी घ्या. 45 वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज साध्या हवेत दिवसाचा एक तृतीयांश वेळ चालतो, म्हणजे 30 अँपिअर-तास. छताचा पंखा मध्यम वेगाने रात्रभर आठ. एलईडी दिवे अडीच, दोन फोन तीन-चार. बेरीज दिवसाला 45 च्या आसपास. 100 अँपिअर-तासांची लेड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे ती जेमतेम एक दिवस. तेवढीच लिथियम 85 पर्यंत वापरता येते. 100 वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला 28-30 परत देतं. रोजची तूट 15, म्हणजे लिथियमवर पाच दिवस निघतात. हे उन्हातलं गणित. रेडवूडच्या झाडांखाली छतावरचं पॅनल शोभेपुरतं उरतं, म्हणून पॅनल सुटंच घ्या. पाच मीटर वायर जोडा, ट्रेलर सावलीत ठेवा आणि पॅनल उन्हात.

वायर बारीक घेऊ नका. 12 व्होल्टला अर्धा व्होल्ट वाटेत हरवला तरी फ्रिजला बॅटरी उतरल्यासारखी वाटते आणि तो बंद पडतो. फ्रिजसाठी 10 गेजची वायर घ्या, टोकाला दाबून बसवलेली लग, म्हणजे धातूची टोपी, लावा. सिगारेट लायटरचं सॉकेट खडबडीत रस्त्यावर सैल होतं. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. आणि इन्व्हर्टरवर किटलीचा विचार सोडा: 1000 वॉटची किटली बॅटरीतून 90 अँपिअर ओढते. चहाला गॅस आहे.

[पडद्यावर: उघडी डिकी, ओटा, दोन शेगड्या, छोटा कुकर.]

ओटा बाहेर असण्याचा खरा फायदा फोडणी देताना कळतो. मोहरी-हिंगाचा धूर गादीपर्यंत जात नाही. पण उघडी डिकी शेगडीच्या बरोबर वर येते आणि तेलकट वाफ तिच्या आतल्या बाजूला जमते, म्हणून शेगडी सरकत्या ट्रेवर बसवून फूटभर बाहेर ओढता येईल असं करा. ट्रेला दोन्ही टोकांना कडी हवी. नाहीतर रस्त्यात ट्रे डिकीवर आदळत राहतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून निघालेल्या ट्रेलरमध्ये कुकर असतोच, आणि तो हवाच. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला मोरेन पार्कचा मुक्कामाचा तळ साधारण 2,500 मीटरवर आहे. तिथे पाणी 92 अंशांच्या आतच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन्‌तास तशीच राहते. कुकरमध्ये तापमान 115 च्या वर जातं आणि डाळ शिजते. तीन लिटरचा पुरतो. प्रोपेन गॅसचा एक पौंडाचा हिरवा सिलिंडर दोन्ही शेगड्या मोठ्या ठेवल्या तर तासाभरात संपतो, तेव्हा मुक्काम मोठा असेल तर पुन्हा भरता येणारी टाकी घ्या. ती ओट्याखाली नको, पुढे दांड्यावर उघड्यावर ठेवा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर बंद कपाटात साचतो.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये रात्री मोटारीत खाण्याची वस्तू ठेवायला मनाई आहे. मसाल्याचा डबा, टूथपेस्ट, साबण, सगळं तळावरच्या लोखंडी पेटीत जातं. अस्वलाला डिकीची कडी उघडायची गरज नसते, ते पत्राच वाकवतं.

रात्री आत दोन माणसं झोपली की श्वासातून अर्धा लिटर वाफ सहज बाहेर पडते आणि गार भिंतीवर तिचं पाणी होतं. पावसातही छताची खिडकी दोन बोटं आणि बाजूची तेवढीच उघडी ठेवा. वाफ सगळ्यात आधी जमते गादीखाली, जिथे शरीराची ऊब आणि गार फळी भेटतात. तिथे लाकडी पट्ट्या किंवा प्लास्टिकची उंच जाळी अंथरली नाही तर पहिल्या हंगामातच गादीच्या पोटाला बुरशी लागते. उबेसाठी शेगडी किंवा कोळसा आत कधीच घ्यायचा नाही. एवढ्या लहान जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घ्यायला वेळ लावत नाही. त्याचा अलार्म उशाजवळ लावा.

[पडद्यावर: चाक, हबवर टेकवलेला हात.]

निघण्यापूर्वी चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा आणि पहिल्या 80 किलोमीटरनंतर पुन्हा. पहिल्या थांब्याला हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, जवळ हात नेऊन बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर बेअरिंगला ग्रीस हवंय किंवा ते जास्त घट्ट बसलंय. बारा इंची चाकं जास्त फेरे घेतात, म्हणून वर्षातून एकदा बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरायचं. डावा सिग्नल दिल्यावर मागचे सगळेच दिवे मंद लुकलुकले तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंगची पांढरी वायर बघा. तिची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशरसह पुन्हा आवळा.

हंगाम संपला की ट्रेलर ताडपत्रीत करकचून बांधू नका, आत ओल कोंडते. डिकीच्या कड्या एक खाच सैल सोडा, नाहीतर दाबून राहिलेली बीडिंग वसंतापर्यंत चपटी होते. लिथियम बॅटरी निम्मी-साठ टक्के भरून घरात आणा. शून्याखालच्या थंडीत तिला चार्जर लावला तर ती कायमची खराब होते. लेड बॅटरी मात्र पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्जर लावायचा.