घडीचा कॅमेरा

मंडळी, आधी आवाज ऐका. ही कळ दाबली, झाकण पडलं, भिंग पुढे सरकलं आणि खट्ट! आता ते जागेवर अडकलं. बंद असताना हे सगळं कोटाच्या खिशात मावतं, आणि फोटो निघतो सहा बाय नऊ सेंटीमीटरचा. पस्तीस एमएमच्या फ्रेमपेक्षा पाचपटीहून मोठा. एवढी निगेटिव्ह असली की एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करून छापायचं यंत्र, नसला तरी चालायचं. निगेटिव्ह कागदावर ठेवून छापली की झाला अल्बमचा फोटो.

हे कॅमेरे आजही चालतात ते रोलमुळे. १२० चा रोल कोडॅकने १९०१ साली काढला, अजून मिळतो. ६२० चा १९९५ ला बंद पडला. फिल्म तीच, फक्त रीळ बारीक. म्हणून जुन्या बाजारात हात घालाल तेव्हा आधी मागचं दार उघडून आकडा वाचा. वर झाइस इकॉन लिहिलंय की फॉइग्टलेंडर, ते नंतर.

खरा जीव भात्यात. पेटीचा भाता असतो ना, तसाच हा. कोपऱ्यावरच्या घड्या झिजतात आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. माझा पहिला कॅमेरा घेऊन मी गड्ड्याला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, गेलो होतो. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, बाराबंदीतली माणसं, मागे तळं, जीव ओतून टिपलं. रोल धुऊन फोटो छापले तर प्रत्येक काठीभोवती पांढरे डाग! जानेवारीत दिवाळी. घरच्यांनी आठवडाभर हसून घेतलं. तेव्हापासून माझा नियम एकच: अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च धरायचा आणि बाहेरून बघायचं. चांदणी दिसली की भाता बदलायचा. काळा रंग फासून दोन रोल निघतात, तिसऱ्याला पुन्हा तेच.

उघडताना घाई नको. भाता झटक्यात ताणला की आत हवा कमी पडते आणि फिल्म पुढे ओढली जाते, मग फोटोचा मधला भाग अस्पष्ट येतो. म्हणून आधी सावकाश उघडायचं, रोल नंतर पुढे फिरवायचा.

मागची ती लाल काच? तिच्यातून फिल्ममागच्या कागदावरचा फोटोचा आकडा दिसतो. जुन्या फिल्मला लाल उजेड कळायचाच नाही, म्हणून काच लाल. आजच्या फिल्मला कळतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तिच्यावर काळी चिकटपट्टी लावा. रोल फिरवायला सावलीत जा, आकडा आला की पट्टी परत.

अंतर मात्र बहुतेकांत आपणच मोजायचं, भिंगाभोवतीच्या कड्यावर फूट लिहिलेले असतात. मी चादरीने मोजतो. आपली चादर ९० इंचांची धरली तर साडेसात फूट. माणूस दोन चादरींवर उभा आहे? कडं पंधरावर. लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, १६ वर; फिल्म १०० आयएसओची असेल तर शटर १/१०० सेकंद. उजेड मोजायचा मीटर लागत नाही. उलट सगळे पांढऱ्या बाराबंदीत असले की मीटरच फसतो.

आणि हो, यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत शटर वेगळं चढवावं लागतं. रोल फिरवायला विसरलात तरी कॅमेरा दुसरा फोटो पहिल्यावरच घेतो, तक्रार करत नाही. माझ्याकडे एका फ्रेममध्ये नंदीध्वज आणि भुईकोटाचा बुरूज एकत्र आहेत. तो मी मुद्दाम काढला असं सांगत असतो.

हा घ्या, मागच्या रांगेपर्यंत फिरवा. बंद करताना आधी बाजूचे दोन्ही खटके आत दाबा, झाकण ढकलू नका.