ऑरगॅनिक खायचंय, पण बजेटात

ऑरगॅनिक म्हटलं की पहिला प्रश्न एकच येतो, ताई परवडतं का हो? मघाशी बाहेर चहा घेताना एक काकू तर सरळच म्हणाल्या, "इतलं महाग कोन लेई वो माय?" बरोबरच आहे त्यांचं. पॅकेटवर हिरवं पान छापलं की तीच तूरडाळ दीडपट भावाने मिळते, महिन्याचा किराणा तसा घ्यायचा ठरवला तर आपल्यासारख्या घरात पंधरा तारखेलाच पैसे संपतील. पण माझं म्हणणं असं आहे की किलो-किलोनं दुकानातून घ्याल तर नाहीच परवडणार, वर्षाचं धान्य भरतो तसं थेट शेतकऱ्याकडून घ्याल तर परवडतं, आणि वरचा जो थोडा फरक पडतो तो घरातल्याच फालतू खर्चातून निघतो.

हिशोबच करू. समजा रासायनिक खत न घालता पिकवलेला गहू शेतकऱ्याने तुम्हाला ४० रुपये किलोने दिला, गिरणीचे ५ धरा, म्हणजे ४५ ला पीठ पडलं. तेच ऑरगॅनिक पिठाचं पॅकेट ७५ धरा. किलोमागे ३० वाचले, महिन्याला १५ किलो पीठ लागत असेल तर ४५० रुपये, वर्षाचे ५४०० झाले. भाव तुमच्या गावचे टाकून बघा, आकडा खालीवर होईल पण फरक राहतोच. आणि ते मल्टिग्रेन आटा म्हणून जे महागडं विकतात ना, त्याचं मला फार हसू येतं, आपल्याकडे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी कधीपासून खातात, आणि वर ठेचा आणि तेल, आता तेच शहरात डाएट म्हणून विकतात.

ज्वारीवरून आठवलं, सुरुवात करायची असेल तर दादरपासून, म्हणजे आपल्या रब्बीच्या ज्वारीपासून करा. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळा संपता संपता पेरतात, बरीचशी जमिनीतल्या ओलीवरच येते, त्यामुळे तिला खतं-फवारण्या तशाही कमी लागतात. शेतकऱ्याला म्हटलं की बाबा आमच्यापुरतं बिनरासायनिक ठेव, तर कपाशीला त्याची जितकी पंचाईत होते तितकी दादरला होत नाही.

आता कोणी विचारेल, ते खरंच ऑरगॅनिक आहे हे ओळखायचं कसं. पॅकेटवर जैविक भारतचा लोगो असतो, तो एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने २०१७ पासून आणलाय. त्यामागे दोन प्रकारची सर्टिफिकेटं असतात. एक एनपीओपी, ज्यात बाहेरची एजन्सी येऊन तपासते आणि त्याला पैसे लागतात, आणि दुसरं पीजीएस, ज्यात निदान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. पीजीएसमध्ये पण दोन पायऱ्या आहेत, पीजीएस ग्रीन म्हणजे शेत अजून बदलाच्या काळात आहे आणि पीजीएस ऑरगॅनिक म्हणजे पूर्ण झालं. ग्रीनवाला शेतकरी थोडं स्वस्त देत असेल तर बिनधास्त घ्या, त्यालाच तर त्या काळात गिऱ्हाईक लागतं. आणि १२ लाखांच्या आत उलाढाल असलेला छोटा शेतकरी थेट तुम्हाला विकत असेल तर त्याला सर्टिफिकेटाची सक्ती नाही, फक्त तो लोगो त्याला वापरता येत नाही. म्हणजे लोगो नाही म्हणून माल खोटा असं समजू नका, एकदा शेतावर जाऊन या, बांधावर कोणत्या औषधाचे रिकामे डबे पडलेत तेवढं बघितलं तरी बरंच कळतं.

सगळंच ऑरगॅनिक घ्यायची गरज पण नाही, हे मी मुद्दाम सांगते कारण ते विकणारे कधी सांगत नाहीत. ज्याची साल काढून फेकतो त्याच्यावर जास्त पैसे घालवू नका. केळीचं साल जाड असतं, आपल्या रावेर-यावलच्या भागात तर केळी घरबसल्या मिळतात, तिथे फक्त कार्बाइडने पिकवलेली नाहीत ना एवढं बघा, कार्बाइडवर बंदी आहे, रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन गॅसवर पिकवलेली चालतात. पैसे घालवायचे तर पालेभाजीवर, फ्लॉवरवर आणि वांग्यावर घाला. वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी असते, ती आत घुसून बसते म्हणून शेतकरी वरचेवर फवारतो, आणि आपण काय करतो, थंडी पडली की आठवड्यातून दोनदा भरीत पार्टी! जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय, म्हणजे त्या भागाचं म्हणून भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमानच आहे, पण जीआय म्हणजे बिनफवारणीचं असं नाही हो. भरताचं वांगं ओळखीच्याकडूनच घ्या, आणि बारीकसं भोक पडलेलं एखादं निघालं तर तेवढा भाग कापून टाका, तोंड वाकडं करू नका. मेथी, पोकळा, कोथिंबीर तर गच्चीवर जुन्या टबात पण येते, मे महिन्यात मात्र वर शेडनेट टाका नाहीतर आपल्या भुसावळच्या उन्हात दोन दिवसात जळून जाईल.

धान्य भरायचं म्हटलं की किडीचं टेन्शन. आधी धान्य कडक वाळवा, दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे, गार झाल्यावरच कोठीत भरा, गरम भरलं तर आत घाम धरतं. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरात टाका, डाळींना एरंडेलाचा हात फिरवा. पण बाजारात त्या धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मिळतात ना, सल्फास वगैरे, त्या घरात आणूच नका, कितीही कोणी सांगो. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्यावर उतारा नाही, बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जातो त्याने. ऑरगॅनिक गहू आणायचा आणि त्यात ही गोळी टाकायची, मग काय अर्थ राहिला.

आता पैसे काढायचे कुठून. बाथरूमच्या शेल्फवर बघा, फरशीचं लिक्विड वेगळं, टॉयलेटचं वेगळं, काचेचं वेगळं, सिंकचं वेगळं. लिंबू-मोसंबीच्या साली तीन भाग, गूळ एक भाग, पाणी दहा भाग, प्लॅस्टिकच्या बरणीत भरून तीन महिने ठेवा, सुरुवातीला रोज झाकण सैल करून गॅस काढा नाहीतर बरणी फुटेल, हे गाळून पाण्यात टाकलं की फरशीला चालतं. कपड्यांना रिठे. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात साबणाचा फेस होत नाही आणि वर पांढरा साका धरतो, रिठ्याचा तसा साका धरत नाही. पण खरं सांगते, रिठ्याने पांढरे कपडे लख्ख होत नाहीत आणि ग्रीसचे डाग तर हलत पण नाहीत, रोजच्या वापरायच्या कपड्यांना ठीक आहे. हळदीचा डाग मात्र धुवून ओलाच उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो, ऊन आपल्याकडे काय कमी आहे! आणि इंटरनेटवर बघून व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करू नका, दोघं एकमेकांना मारतात, नुसते बुडबुडे. ब्लीचमध्ये तर व्हिनेगर किंवा टॉयलेटचं ॲसिड चुकूनही नाही, त्यातून क्लोरीन निघतो.

लहान बाळ असेल त्या घरात डायपरचा खर्च सगळ्यात मोठा. पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, रात्रभर जागून लंगोट बदलायचे आणि सकाळी कामाला जायचं, हे सांगणं सोपं आहे. दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर, एवढं केलं तरी निम्म्याच्या वर वाचतात. जुन्या सुती साड्यांचे लंगोट मऊ असतात, विकतचे आणू नका.

लाईट बिलाचं दोन वाक्यात. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे तो नवा कमी वीज खाणारा पंखा ३० च्या आसपास, दिवसाला १५ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, आणि १०० युनिटच्या वर दर चढतो हे तुम्हाला माहितीच आहे. स्वतःचं पक्कं छत असेल तर छतावरच्या सोलरसाठी पीएम सूर्यघर योजनेत सबसिडी एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तला ७८ हजार आहे, पण भाड्याच्या घरातल्यांनी पंख्यापासूनच सुरू करावं.

आणि उन्हाळ्याचं वाळवण सोडू नका बाई. बिबडे, पापड, कुरडया करतोच आपण, सोबत स्वस्त असताना मेथी, गवार, टोमॅटो पण वाळवून ठेवा. जूनमध्ये भाज्या कडाडतात तेव्हा तीच गवार शेंगदाण्याच्या कुटात काय लागते!

दादरची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तेव्हा बाजारात शोधत बसण्यापेक्षा आत्ताच चार-पाच घरं एकत्र या, मिळून किती क्विंटल लागेल ते लिहून काढा, आणि ओळखीच्या शेतकऱ्याला थोडा विसार देऊन ठेवा, भाव त्याच्याशी समोर बसून ठरवा, जास्त घासाघीस न करता. गाडीभाडं वाटून जातं. यादी मागच्या टेबलावर ठेवली आहे, जाताना नाव आणि लागणारे किलो लिहून जा.