दारूचे डबे

नमस्कार, श्रोतेहो. मी दारूचे डबे जमवतो. दचकू नका, बाटल्यांशी याचा काही संबंध नाही. ही ठासणीच्या बंदुकीची काळी दारू, आणि माझे डबे रिकामे आहेत. घरात भरलेला एक जरी आणला असता, तर बायकोने डब्यासकट मलाही बाहेर ठेवलं असतं.

नादाचं मूळ कोकणात आहे. रानडुकरं हाकायला आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्यांची दारू बिस्किटांच्या जुन्या डब्यात, माळ्यावर असायची. झाकण काढलं की गंधकाचा वास यायचा. पुढे नोकरीमुळे मी अमेरिकेत, डेलावेअरला आलो. इथल्या जुन्या बाजारात एक चपटा, हाताएवढा पत्र्याचा डबा उचलला, फिरकीचं झाकण उघडलं, आणि तोच वास! घासाघीस करायचंही भान राहिलं नाही.

डबा ड्यूपॉन्ट या अमेरिकन कंपनीचा होता, एक पौंडाचा, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमचा. घरी आल्यावर मी तो उत्साहाने साबणपाण्याने धुतला. कागदी लेबल लगद्यासारखं हातात आलं. राहिली फक्त ‘एफएफजी’ ही अक्षरं. नवशिक्यांनो, जुना डबा फार तर कोरड्या फडक्याने पुसा. आत खुळखुळलं तर मात्र स्वतः काही करू नका, पोलिसांना कळवा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते.

ती अक्षरं दाण्याची. ‘एफ’ जितके जास्त, तितका दाणा बारीक. चार ‘एफ’ची भुकटी चकमकीच्या बंदुकीच्या कानात, म्हणजे ठिणगी पडते त्या बाहेरच्या खोलगट भागात घालायची, दोनवाली जाड दारू नळीत ठासायची. लेबलांवर चित्रं मोठी झोकदार असत. हॅझर्ड कंपनीच्या एका दारूचं नावच ‘केंटकी रायफल’. दुकानातल्या फळीवर शिकाऱ्याचा हात आधी आपल्याच डब्याकडे जावा, एवढाच हेतू.

डब्यातली दारू कुठे बनली ते पाहायला मी ब्रँडीवाइन नदीकाठी गेलो. माझ्या घरापासून ते लांब नाही. १८०२ साली इरेने द्यु पाँ यांनी तिथे कारखाना काढला, तीच ही ड्यूपॉन्ट. दारूचं शास्त्र ते फ्रान्समध्ये लाव्हाझिए या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले होते. गिरण्यांच्या तीन भिंती जाडजूड दगडी, चौथी बाजू आणि छप्पर मात्र हलकं, नदीकडे उघडणारं. स्फोट झालाच तर तो पाण्याकडे जावा, शेजारच्या गिरणीकडे नव्हे. ठिणगी नको म्हणून कामगारांच्या बुटांत लोखंडी खिळे नसत. तरीही स्फोट व्हायचेच. १८१८ च्या एका स्फोटात तीसहून अधिक माणसं गेली. कुणी असा गेला की बाकीचे म्हणत, ‘तो ओढ्यापलीकडे गेला.’ मी त्या काठावर बराच वेळ उभा होतो. नदी अगदी अरुंद आहे हो, दगड मारला तर पलीकडे पडेल.

आणि या दारूत असतं काय? रुपयात बारा आणे सोरा. उरलेल्या चार आण्यांत कोळसा जास्त, गंधक कमी. त्या काळी उत्तम सोरा यायचा आपल्या बिहारमधून. नोनिया लोक गावातली खारट माती खरवडून, पाण्यात निथळून, उकळून तो काढायचे. मग तो कलकत्त्याहून जहाजावर चढायचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा उत्तरेच्या सरकारसाठी इरेनेंचे नातू लामो द्यु पाँ इंग्लंडला जाऊन मिळेल तेवढा सोरा विकत घेऊ लागले. तेवढ्यात ‘ट्रेंट’ नावाच्या जहाजावरून दोन देशांत वाजलं आणि इंग्रजांनी निर्यातच रोखली. भांडण मिटल्यावर, पुढच्या वर्षी, माल सुटला. बिहारच्या मातीतला माल, अडवणारे इंग्रज, अडलेले अमेरिकन. नोनियांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आता माझ्याकडे एकवीस डबे झालेत. चांगल्या लेबलांचे काचेच्या कपाटात आहेत. धुतलेला डबा टेबलावर असतो. त्यात मी पेन्सिली ठेवून पाहिल्या, पण तोंड अरुंद, एकच मावते.