नातवाची सुट्टी आणि आय-94 ची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेहून परत निघायच्या आदल्या रात्रीचं दृश्य आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचं असेल. दिवाणखान्यात दोन बॅगा तोंड वासून पडलेल्या, मुलाच्या हातात वजन करायचा लटकता काटा, सून सांगतेय, 'आई, तेवीसच्या वर गेलं, बदामाचं एक पाकीट काढा.' बॅगेचं वजन त्या रात्री पाच वेळा होतं. मुक्कामाची मुदत मात्र सहा महिन्यांत एकदाही कुणी पाहिलेली नसते. का? तर 'व्हिसा दहा वर्षांचा आहे ना!'

घोटाळा सुरू होतो तो इथूनच.

पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा मिळतो, हे खरं आहे. पण त्या व्हिसावर आपण अमेरिकेच्या दारापर्यंत जातो. आत किती दिवस राहायचं, ते विमानतळावरच्या खिडकीत बसलेला अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने देतो. ती तारीख आय-94 नावाच्या नोंदीत चढते. पूर्वी या नोंदीचं पांढरं कार्ड पासपोर्टात लावून देत, तेवढं ते डोळ्यांसमोर राहायचं. 2013 पासून विमानाने येणाऱ्यांना सहसा ते मिळत नाही. पासपोर्टचा तपशील भरून सरकारी संकेतस्थळावर तारीख बघावी लागते, आणि बघायची राहून जाते.

आता समजा, एक आजी लेकीच्या बाळंतपणासाठी 25 जुलै 2015 रोजी न्यू जर्सीत उतरल्या. मुदत मिळाली 24 जानेवारीपर्यंत. जावयाने हिशेब केला, 23 तारखेचं तिकीट स्वस्त पडतंय, नातवाबरोबर तेवढेच चार दिवस जास्त. आजी माझ्या कल्पनेतल्या आहेत, पण 23 जानेवारी 2016 चं वादळ खरं आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्या वादळात 27.5 इंच बर्फ पडला, तिथल्या नोंदींतला उच्चांक. त्या पट्ट्यातली हजारो उड्डाणं रद्द झाली. समजा, विमान कंपनीने आजींना पुढची जागा 26 तारखेची दिली. म्हणजे 25 तारीख उजाडली तेव्हा, अंगणात गुडघाभर बर्फ असताना, आजी कायद्याच्या हिशेबात मुदत उलटून राहिलेल्या.

'विमान कंपनीने रद्द केलं, यात आमचा काय दोष?' असं कुणीही म्हणेल. दोष नाहीच. पण अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारणारी खिडकीच नसते. आपण कधी गेलो हे सरकारला मुख्यतः विमान कंपनीने पाठवलेल्या प्रवासी यादीवरून कळतं. ज्याच्यापुढे उभं राहून 'साहेब, बर्फ होता हो' असं सांगावं, असा माणूस तिथं समोर येतच नाही. तो भेटतो पुढच्या खेपेला, आणि तेव्हा त्याच्या पडद्यावर फक्त दोन तारखा असतात.

मुदतीनंतर 180 दिवसांहून जास्त राहून परतलं तर तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा जास्त राहिलं तर दहा वर्षं प्रवेशबंदी, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्यामुळे दोन दिवसांनी काय बिघडतं, असं वाटतं. बिघडतं ते असं, की मुदत एका दिवसाने जरी उलटली तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने रद्द ठरतो. असाधारण परिस्थितीसाठी सूट आहे, पण ती पदरात पाडून घ्यावी लागते. नाहीतर पुन्हा अर्ज, पुन्हा मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीची वारी.

यावरचा उपाय म्हणजे आय-539 हा मुदतवाढीचा अर्ज, तोही तारीख उलटायच्या आत. ऑनलाइन भरता येतो. पावती आणि उड्डाण रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवायचा. मुलाच्या कंपनीतला जपानी किंवा जर्मन सहकारी कदाचित म्हणेल, आमच्या आईला तर सहज तीस दिवस वाढवून मिळाले. तशी सोय आहे, पण व्हिसाशिवाय येऊ शकणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी. आपण त्या यादीत नाही.

मार्च 2020 आठवा. भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली आणि अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची पहिली विमानं 7 मे रोजी उडाली. मधले सहा आठवडे कितीतरी आईवडील मुलांकडे अडकले होते, आणि डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून हाच अर्ज भरणं चाललं होतं.

युरोपात शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम निराळा. तिथं दिवस मोजतात, आणि उतरल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही धरतात. टूरवाल्यांच्या 'आठ रात्री नऊ दिवस'मधले नऊ खरे. व्हिसाच्या चिकटपत्रात 'पासून–पर्यंत'च्या तारखा वेगळ्या आणि मुक्कामाचे दिवस वेगळे छापलेले असतात. बरेच जण फक्त तारखा वाचतात. अपरिहार्य कारणाने अडकलात तर व्हिसा विनाशुल्क वाढवून द्यायची तरतूद तिथल्या कायद्यातच आहे, मात्र दिवस संपायच्या आत जाऊन मागायला हवं. 12 ऑक्टोबर 2025 पासून तिथं शिक्क्यांची जागा संगणकाची नोंद घेऊ लागली आहे. पुसट शिक्क्याकडे बघून बोटांवर दिवस मोजणारा अधिकारी आता इतिहासजमा होत चाललाय.

थायलंडचं त्या मानाने सरळ आहे, दिवसाला 500 बाट दंड, जास्तीत जास्त 20,000. पण पकडले गेलात तर तिथंही प्रवेशबंदी आहेच.

माझ्या थोरल्या बहिणीने गेल्या खेपेला आय-94 ची तारीख ठळक अक्षरांत लिहून लेकीच्या फ्रिजवर चिकटवली होती, नातीच्या लसीकरणाच्या कागदाशेजारी. तिकीट काढलं ते त्या तारखेच्या अठरा दिवस आधीचं. जावई म्हणाले, 'आई, अठरा दिवस कशाला वाया घालवताय?' ती म्हणाली, 'वाया कुठले हो, ते विमानवाल्यांचे आहेत.'

नमस्कार.