पालखीच्याही मागे राहणारा भूकंप

(दृश्य : सदाशिव पेठेतला जुना वाडा. शहाबादी फरशीवर एक वीट, विटेला बांधलेली सायकलची ट्यूब.)

पुण्यात भूकंपाचा विषय निघाला की जुनी माणसं कोयनेवर येतात. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मांडणीवरची भांडी खणाणली, माणसं अंथरुणातून उठून अंगणात धावली. भूकंप म्हणजे काही सेकंदांचा हादरा, ही आपली समजूत त्या पहाटेने पक्की केली. आज ज्या भूकंपाची गोष्ट सांगायची आहे, तो आठवडेच्या आठवडे चालतो आणि मांडणीवरची एक वाटीसुद्धा वाजत नाही. त्याचं नाव संथ भूकंप.

आधी ही वीट बघा. ट्यूब सावकाश ओढतोय. ट्यूब ताणली जाते, वीट ढिम्म. अजून थोडं... अजून... आणि वीट टणकन पुढे आली! हात एकाच वेगाने ओढत होता. उडी मारली ती साठलेल्या ताणाने. आता फरशीवर ओल्या शाडूचा थर देऊ. गणपतीची उरलेली माती पुण्यात कुठल्याही माळ्यावर सापडतेच. पुन्हा ओढू. वीट नुसती सरपटत येते.

पृथ्वीचं कवच प्रचंड तुकड्यांचं बनलेलं आहे, त्यांना प्लेट म्हणतात. समुद्रतळाची प्लेट जिथे दुसऱ्या प्लेटखाली शिरते, त्या सबडक्शन झोनमध्ये ही दोन्ही वागणी दोन प्लेटमधल्या एकाच भेगेवर, वेगवेगळ्या खोलीवर दिसतात. (कोयना अशा कडेवर नाही, म्हणून ती या गोष्टीत पुन्हा येणार नाही.) वरचा भाग घट्ट अडकलेला. खूप खाली खडक तापून मऊ झालेला, तिथे प्लेट बिनतक्रार सरकते. मधला पट्टा मात्र लहरी. महिनोन् महिने अडून बसतो, मग सुटतो, पण सुटूनही पळत नाही. खाली जाणाऱ्या प्लेटच्या खनिजांतून पाणी बाहेर पडतं, ते प्रचंड दाबाने भेगेत कोंडतं आणि खडकांची पकड सैल करतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सैल झालेला पट्टा वेग का धरत नाही, यावर मात्र वाद चालू आहेत.

(दृश्य : नकाशा. कॅनडाचा पश्चिम किनारा, व्हँकुव्हर बेट.)

इथली जमिनीची हालचाल मोजणारी जीपीएस केंद्रं एरवी समुद्रापासून दूर, किनाऱ्याच्या आत रेटली जातात, कारण समुद्राकडची प्लेट ढकलत असते. १९९९ मध्ये त्यांतली काही उलटी फिरली, समुद्राकडे. किती? जेमतेम काही मिलिमीटर. संशोधक हर्ब ड्रॅगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचा उलगडा मांडला : खोलवर भेग सुमारे दोन सेंटिमीटर सरकली होती. तेवढंच सरकणं एका झटक्यात झालं असतं, तर साडेसहाच्या वरचा भूकंप झाला असता. पुढे लक्षात आलं की तिथे हे साधारण दर १४ महिन्यांनी घडतं.

जपानमध्ये दुसरा धागा हाती आला. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तिथे देशभर खोल विवरांत भूकंपमापक बसवले गेले. भूकंपशास्त्रज्ञ काझुशिगे ओबारा यांना त्या नोंदींत एक बारीक थरथर सापडली. २००२ मध्ये त्यांनी ती जाहीर केली. एकाच केंद्राचा आलेख बघितला तर बाहेरून ट्रक गेला असावा असं वाटेल. पण तीच गुरगुर शेजारच्या केंद्रांवरही, आणि उगम ३० किलोमीटर खाली! तिथे कुठला ट्रक?

ही थरथर आणि ते सरकणं बरोबरच येतात, आणि भेगेवरून पुढे चालत जातात. चाल दिवसाला साधारण १० किलोमीटर. पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढून त्याच दिवशी सासवडला टेकते. संथ भूकंपाला तेवढ्याच वाटेला तीन दिवस लागतील. नेहमीचा भूकंप ती पंधराएक सेकंदांत तोडेल.

मग ताण असा हळूहळू सुटतो, तर बरंच झालं की? तिथेच मेख आहे. मधला पट्टा सरकला की त्याचा भार वरच्या अडकलेल्या भागावर पडतो. २०११ मध्ये जपानच्या तोहोकू भूकंपाआधी अशा संथ हालचाली झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. उलट व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर त्या इतक्या वेळा होऊन गेल्या, पण तिथला शेवटचा महाभूकंप १७०० सालचा. तेव्हा संथ भूकंप दिसला की धोक्याची घंटा वाजवावी, इतकं हे सोपं नाही.

(दृश्य : सुमात्राजवळचं सिमेउलुए बेट. पाण्याच्या पातळीला वाढणारी पोवळी.)

जमीन खचली किंवा उचलली गेली की पोवळ्यांच्या वाढीत खूण राहते. या बेटावरच्या पोवळ्यांत नोंद निघाली ती १८२९ ची : तेव्हापासून जमीन एकाएकी जास्त वेगाने खचू लागली. एकच संथ भूकंप, ३२ वर्षं चाललेला. त्याच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली. पायाखाली भूकंप चालू आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

१८६१ मध्ये तो संपला, तो साडेआठ तीव्रतेच्या भूकंपाने.