सावलीतून सूर्य

(दृश्य: तासगाव तालुका, मार्च महिना. बेदाण्याचं शेड.)

बाहेर ऊन रणरणतंय. आत हिरव्या नेटखाली जाळ्यांवर द्राक्षं पसरलीत. थेट ऊन लागलं की मणी काळपट पडतो. चांगल्या बेदाण्याला सावली लागते आणि खेळता वारा.

सूर्याच्या सगळ्यात जवळ गेलेलं यानही सावलीतच राहतं.

नासाचं पार्कर यान १२ ऑगस्ट २०१८ ला निघालं. २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवर होतं. आपण आहोत १५ कोटींवर. यानाच्या पुढ्यात साडेअकरा सेंटिमीटर जाडीची कार्बनची ढाल. ती हजारेक अंशांपर्यंत तापते, तिच्या आडोशाची यंत्रं मात्र तिशीच्या आसपास.

चुलीपासून लांब सरकलं की धग कमी होते. सूर्याचं उलटंच. पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअस, आणि बाहेरचं प्रभामंडळ, म्हणजे करोना, १० लाखांच्या वर! हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. मग यान जळत कसं नाही? दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या हातावर पडतात, पण भाजत नाही. ठिणगी तापलेली असते, पण असते केवढीशी. करोनातले कणही तसेच, फार विरळ.

याच करोनातून विद्युतभारित कणांचा वारा अखंड वाहतो. १९५८ मध्ये शास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी तो गणितातून मांडला, तेव्हा परीक्षकांनी लेख नाकारला. नियतकालिकाचे संपादक होते खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी लेख छापला. केवढा हा सच्चेपणा! आज आपलं आदित्य एल-१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर तोच वारा मोजतंय.

पार्कर यानाचं एक उपकरण मात्र ढालीबाहेर डोकावतं. वाटीएवढं. येणारे कण झेलतं. त्याच्या नायोबियम धातूच्या तारा नीलमच्या नळ्यांतून नेल्यात, कारण साधं वेष्टण तिथं वितळलं असतं.

सूर्याजवळून पृथ्वीवर निरोप यायलाच आठ मिनिटं लागतात. विचारून काही करायला वेळच नाही. म्हणून सावलीच्या कडेला प्रकाश ओळखणारे सेन्सर बसवलेत. ऊन शिवलं रे शिवलं, की यान आपणहून वळतं आणि ढाल नीट समोर धरतं.

(दृश्य: पुन्हा शेड.)

वाऱ्यानं नेटचा कोपरा सुटलाय. उन्हाची तिरीप वरच्या जाळीवर आलीय. मावशी हातातलं काम टाकून उठतात, दोरी ओढतात, गाठ मारतात.