लाईटच्या बिलातलं पाणी

(दृश्य: पहाटेचं परसदार. विहिरीवरचा पंप चालू आहे. कौलांच्या वर काळी टाकी.)

सकाळचे सहा. पंपाचा खटका दाबून घरातलं माणूस चहा ठेवायला आत गेलंय. कोकणात किनाऱ्याकाठच्या असंख्य घरांची सकाळ अशीच सुरू होते. पाणी विहिरीचं आणि विहीर आपली, तेव्हा पाण्याला पैसे कसले, असं इथे कुणीही म्हणेल. पाणीपट्टी असलीच तर ग्रामपंचायतीच्या नळाची, आणि ती वर्षाकाठी भरायची.

पैसे जातात ते लाईटच्या बिलातून.

(दृश्य: टाकी भरली आहे. कडेच्या पाईपातून धार अंगणात पडते.)

एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट वीज खातो. हजार लिटरची टाकी भरायला अर्धा-पाऊण तास लागतो. चार माणसांच्या घराला दिवसाला सहाशे लिटर पाणी धरलं, तर महिन्याला दहा-बारा युनिटं होतात. हे काही फार नाही. त्यामुळे पाणी जपून वापरा म्हणजे बिल निम्मं होईल, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. पंपाचा खर्च मुळात लहान आहे.

मात्र टाकी भरल्यावरही पंप अर्धा तास चालू राहिला, की रोजचं अर्धं युनिट, म्हणजे महिन्याची पंधरा युनिटं नुसती अंगणात जातात. वापरलेल्या पाण्यापेक्षा वाहून गेलेलं पाणी महाग! टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा लेव्हलचा स्विच बाजारात मिळतो, गावातला वायरमन तो बसवून देतो. घरातल्या सगळ्या उपायांत पैसे लवकर वसूल होतात ते इथे.

(दृश्य: न्हाणीघर. भिंतीवर गिझर, बाहेर चुलीवर काळं पडलेलं तपेलं.)

खरा खर्च गरम पाण्याचा. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला जवळपास अर्धं युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोजची दोन युनिटं, महिन्याला साठ. प्रत्येकाने दोन-दोन बादल्या घेतल्या तर एकशेवीस. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांनंतरचा टप्पा महाग आहे, आणि बरीच घरं तो ओलांडतात ती अंघोळीपायीच. शॉवरखाली तर दहा मिनिटांत ऐंशी-शंभर लिटर सहज जातात.

मागीलदारी अजून बंब किंवा चूल असेल, तर नारळाच्या सोडणांवर (सालींवर) आणि वाळक्या झावळ्यांवर पाणी फुकट तापतं. धूर होतो, डोळे चुरचुरतात, हेही खरंच. छपरावरच्या सौर बंबाचा चांगला उपयोग होतो, पण आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने सूर्य दिसेल याची खात्री नाही. आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर काळ्या टाकीतलं पाणी असं तापलेलं असतं की गिझरचं बटण दाबायची गरजच नाही. तरी ते सवयीने दाबलं जातं.

संडासाची जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सोडते, नवी दोन बटणांची तीन किंवा सहा. जुनी गळते का हे बघायचं असेल तर तिच्यात कपड्याच्या निळीचे दोन थेंब टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात निळं पाणी उतरलं, की वायसर बदला.

(दृश्य: न्हाणीच्या पाटाकडेला अळू, पुढे केळी, कर्दळ.)

न्हाणीच्या मागे अळू आणि केळी ही इथली जुनी रीत. स्वयंपाकघरातलं आणि अंघोळीचं पाणी तिकडे वळवलं की त्या कोपऱ्याला वेगळं शिंपण लागत नाही. माडांनाही उन्हाळ्यात पाटाने पाणी सोडण्यापेक्षा ठिबक बरं. एका माडाला दिवसाला 30 ते 40 लिटर पुरतं. आळ्यात नारळाची सोडणं पुरून वर झावळ्या पसरल्या, तर ओल टिकते. दहा माड असले तरी पंपाचा किती वेळ वाचतो ते लगेच कळतं.

(दृश्य: पुळणीलगतची वाडी. माडांपलीकडे समुद्र.)

किनाऱ्यालगत आणखी एक हिशोब आहे, आणि तो कुठल्याच बिलावर येत नाही. इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर पातळीखाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी तोलून धरलेलं असतं. वरचा तो एक फूट उपसला, की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. पूर्वी रहाटाने किंवा लाटेने, म्हणजे विहिरीवरच्या लांब दांड्याने, जेवढं निघेल तेवढंच पाणी निघायचं. मोटर थांबत नाही. मग विहिरीचं पाणी मचूळ होतं, आणि एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला पावसाळे जावे लागतात. पर्यटकांचा हंगाम नेमका मे महिन्यातला, विहीर तळाशी गेलेली असताना. घरगुती खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी न्हाणीघरात शॉवर लावण्याऐवजी बादली आणि तांब्या ठेवला, तर कुणी पाहुणा नाराज होऊन परत जाईल असं वाटत नाही.

(दृश्य: जुलै. कौलांवरून पागोळ्या.)

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास किंवा जास्तच पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तो तीन लाख लिटर होतो. मग हे पाणी विहिरीत सोडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. देशावर तो लागू पडत असेल. इथे पावसाळ्यात विहीर आधीच काठोकाठ असते, तिच्यात आणखी ओतून काय मिळणार? इथला जांभा दगड सच्छिद्र आहे. तो पाणी पटकन पितो आणि उताराने तितक्याच पटकन सोडून देतो.

त्यापेक्षा पागोळ्यांचं थोडं पाणी नीट साठवावं. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला तीस लिटर धरले, तर एप्रिल-मेच्या साठ दिवसांना अठराशे लिटर लागतात. म्हणजे दोन हजारांची एक टाकी पुरते, आणि टँकरवाल्याची वाट बघावी लागत नाही. पन्हळीला जाळी, टाकीला घट्ट झाकण, आत उजेड जाता कामा नये. भरायची ती पहिल्या पावसात नाही, तर हस्ताच्या. तोवर कौलांवरची धूळ, पानं, पाखरांची घाण धुऊन गेलेली असते. प्यायचं पाणी उकळून घ्यायचं. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्या छपराचं पाणी प्यायला नको, झाडांना चालेल.

(दृश्य: पऱ्ह्या, म्हणजे छोटा ओढा. माणसं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरताहेत.)

आणि विहिरीला मदत करायचीच असेल, तर ती पाऊस संपल्यावर. पऱ्ह्याला वाहतं पाणी असतानाच माती-वाळूच्या पोत्यांचा कच्चा बंधारा घातला, की वरच्या अंगाच्या विहिरींची पातळी टिकून राहते. हे एका घराचं काम नाही. वाडीतल्या आठ-दहा माणसांनी एक सकाळ द्यायची, सिमेंटची रिकामी पोती बांधकामावरून मागून आणायची. पावसाच्या आधी ती पोती काढून ठेवायला मात्र विसरू नका, नाहीतर पहिल्या पुरात ती खालच्या शेतात जाऊन अडकतात आणि शेजारी वर्षभर वाईच तिरका बघतो.